भाकरीनं काय घोडं मारलंय?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी ३७ वर्षांची, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पाच एकर वावर आहे, पऱ्हाटी (कापूस) अन् तूर. दोन वर्षांपासून जेवलं की पोट टम्म फुगते, गॅसेस होतात, दुपारनंतर अंगात जीव राहत नाही. अंगावरून पांढरं जाते, त्या जागी खाज येते. या वर्षात चारदा झालं. गावात येणारे डॉक्टर दर वेळी पाच दिवसांच्या कॅप्सूल देतात. पोटाला त्याच, तापाला त्याच.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला की हे सगळं पोटात यीस्ट वाढल्यानं होते. त्यात सांगितलं तसं सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या गिलासात थुंकले, तर खाली धागे लोंबले. मग फोन करून ४५ दिवसांचा डबा मागवला, ४,८०० रुपये लागले. भाकर, पोळी, भात, गूळ, दूध, ताक, आंबील, केळं सगळं बंद सांगितलं. महिनाभर मूग अन् भाज्यांवर आहे. पोट हलकं वाटते, पण वजन ५२ वरून ४७ वर आलं अन् वेचणीत चक्कर येते. त्यांना फोन केला तर म्हणतात, फंगस मरत आहे म्हणून तसं होते, सोडू नका. सासूबाई रोज बोलतात, "काहून वं, भाकरीनं काय घोडं मारलं तुयं?" त्यांना शुगर आहे, ग्लिमेपिराईडची गोळी चालू आहे. त्यांनाही खालून खाज आहे. मेडिकलवाल्यानं मला फंगसच्या १५० च्या गोळ्या दिल्या होत्या, त्यातल्या चार उरल्या. त्या त्यांना देऊ का? यजमानांच्या जांघेतलं गजकर्ण जात नाही, तेही माझ्या पोटातूनच गेलं का? अन् आंबील कधी खाता येईल? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, आधी त्या चार गोळ्यांचं बोलू, बाकी सगळं नंतर. त्या सासूबाईंना देऊ नका.

फंगसची १५० ची गोळी म्हणजे बहुतेक फ्लुकोनाझोल. पाकिटावर नाव वाचून खात्री करा. ग्लिमेपिराईडचा निचरा यकृत ज्या वाटेनं करतं, तीच वाट ही गोळी अडवते. मग शुगरची गोळी अंगात साचत जाते आणि शुगर धाडकन खाली येते. दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढं अंधारी, असंबद्ध बोलणं. तुम्ही सगळे वावरात गेलेले असताना म्हातारं माणूस घरी बाजेवर पडल्या जागी बेशुद्ध झालं, तर संध्याकाळपर्यंत कोणाला कळायचंही नाही. डॉक्टर कधी कधी ही दोन्ही औषधं सोबत देतात, पण शुगर मोजत आणि डोस सांभाळून. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी कोणाला चालू असेल, तर त्यांनाही हेच लागू. आणि तुमची स्वतःची पाळी चुकली असेल, तर तुम्हीही ती गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

सासूबाईंची खाज त्यांच्या शुगरकडं बोट दाखवते आहे. शुगर चढली की लघवीतून साखर जाते आणि यीस्टला तिथं पंगतीचं ताट वाढून ठेवल्यासारखं होतं. अशा वेळी मलम लावत राहायचं आणि शुगर तशीच ठेवायची, म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. त्यांची शेवटची तपासणी कधी झाली? चिठ्ठी शोधून काढा. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर तुमच्यासोबत त्यांनाही घेऊन चला. कुठं आणि कधी, ते शेवटी सांगते.

आता तुमच्या पोटातलं यीस्ट. ते आहे का? असेलच म्हणा ना. माझ्याही असेल. कॅन्डिडा नावाचं हे यीस्ट कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनीमार्गात कायम वस्तीला असतं. म्हणून शौचाच्या तपासणीत 'यीस्ट दिसलं' असं लिहून आलं, तरी तेवढ्यावरून आजार ठरत नाही. पावाचं पीठ फुगवणारं आणि मोहफुलांचा सडवा उकळ्या मारायला लावणारं यीस्ट याच मोठ्या कुळातलं, पण जात वेगळी.

मग ते कधी माजतं? हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण तुम्ही पऱ्हाटी पिकवता. दर आठ दिवसांनी जहाल फवारा मारला की ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकिडे मरून जातात, आणि मग पांढरी माशी अशी वाढते की पानं चिकट होऊन काळी पडतात. तुमच्या त्या पाच दिवसांच्या कॅप्सूल म्हणजे असाच फवारा. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, यीस्टला त्याचं काही होत नाही. यीस्टला दाबून ठेवणारे जिवाणू वर्षात चार-सहा वेळा मारले गेले, तर ते डोकं वर काढणारच. अंगावरून पांढरं जायला लागतं ते कॅप्सूल घेतल्यावर आठ-पंधरा दिवसांत का, हे कॅलेंडरवर आठवून बघा. मी पैज लावायला तयार आहे की चारपैकी दोन वेळा तरी तसंच झालं असेल. आणि त्या कॅप्सूलच्या पाकिटाची मागची बाजू बघा. उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही, आणि 'मागच्या वेळची उरली होती' म्हणून तर नाहीच नाही.

अँटिबायोटिकशिवाय वाढलेली शुगर, दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या नावाखाली दिलेली स्टेरॉइडं, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही, रात्रीसुद्धा न काढलेली कवळी, हेही यीस्टला रान मोकळं करून देतात. माजलेलं यीस्ट लपून राहत नाही. तोंडात जिभेवर दह्याच्या साक्यासारखे पांढरे थर येतात, खरवडले की खाली लालबुंद. अन्ननलिकेत गेलं तर घास उतरताना दुखतं. योनीमार्गात खाज आणि दह्याच्या फुटीसारखं पांढरं. ही लक्षणं खरी, आजार खरा, आणि औषधही चांगलं आहे.

आता त्या गिलासाविषयी. तुमचं पत्र आलं त्या आठवड्यात हाच व्हिडिओ पाहून आणखी दोन जणी माझ्याकडं आल्या. म्हणून एका सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी आम्ही टेबलावर स्टीलचे नाही, काचेचे पाच गिलास मांडले. सिस्टर, औषध देणारा मुलगा, झाडणाऱ्या मावशी, बाहेर बसलेला एक पेशंटचा धट्टाकट्टा नातेवाईक आणि मी. चूळ न भरता एकेक थुंकलो. पंधरा मिनिटांत चार गिलासांत धागे लोंबले. सगळ्यांत लांब धागे माझे होते. मावशींचं तेवढं तरंगत राहिलं. त्या घरून चहा पिऊन आल्या होत्या. लाळेत म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो, रात्रभर तोंड कोरडं राहिलं की तो आणखी दाट होतो आणि पाण्यात पडला की ताणला जातो. त्यात यीस्ट मोजण्याजोगं काही नाही. यीस्ट खरंच बघायचं असेल तर नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. तिथं ते गोल कळ्या आणि लांबट दोऱ्यांसारखं दिसतं. गिलासात साध्या डोळ्यांना ते दिसणं शक्य नाही.

ही 'सगळ्या दुखण्यांचं मूळ यीस्ट' कथा आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात तिनं जोर धरला. थकवा, डोकेदुखी, उदासी, पोट फुगणं, विसरभोळेपणा, काहीही असो, कॅन्डिडा जबाबदार. १९८६ मध्ये तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं स्पष्ट सांगितलं की याला पुरावा नाही. मग १९९० मध्ये एक सरळ प्रयोग झाला. अशी तक्रार असलेल्या आणि वारंवार पांढरं जाण्याचा त्रास झालेल्या ४२ बायकांना ३२ आठवड्यांत आलटून पालटून कधी निस्टॅटिन हे यीस्टचं औषध, कधी त्याच्यासारखी दिसणारी नुसती खोटी गोळी दिली. खालच्या त्रासाला औषधानं खोट्या गोळीपेक्षा चांगला गुण आला. थकवा, मन न लागणं वगैरे बाकी तक्रारी मात्र खोट्या गोळीनंही तितक्याच कमी झाल्या. तुमच्या दोन्ही तक्रारींना हे एकच उत्तर लागू पडतं बघा : पांढरं जाण्याला यीस्टचं औषध, थकव्याला दुसरं काही शोधा. (निस्टॅटिनची गोष्ट मला फार आवडते. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन बायकांनी ते १९५० मध्ये शोधलं, एका शेतातल्या मातीत सापडलेल्या जंतूपासून. नाव न्यूयॉर्क राज्यावरून ठेवलं.)

'फंगस मरत आहे म्हणून चक्कर येते' या वाक्याची मला खरी चीड येते. बरं वाटलं तर डब्याचा गुण, वाईट वाटलं तरी डब्याचाच गुण! चित भी मेरी, पट भी मेरी. तुम्ही सकाळी सात ते अकरा ओणवं होऊन वेचता, दुपारी पुन्हा वेचता, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन घरी येता, आणि पोटात काय? मूग आणि पालक. चक्कर नाही येणार तर काय येईल? 'यीस्टला उपाशी मारायचं' हा हिशेबही चुकीचा आहे. भाकरीतला स्टार्च आतड्यात पचून बहुतेक रक्तात जातो. आणि तुम्ही भाकर सोडली तरी शरीर रक्तातली साखर राखतंच. उपाशी राहता ते तुम्ही, यीस्ट नाही.

मग पोट हलकं का वाटलं, हा प्रश्न मात्र रास्त आहे, तो मी उडवून लावणार नाही. तुम्ही एकाच वेळी आठ-दहा पदार्थ सोडलेत, त्यातला एखादा खरंच सोसत नसेल. माझा पहिला संशय दुधावर. मोठेपणी दुधातली साखर पचवायची ताकद आपल्याकडच्या पुष्कळ माणसांत कमी होते. मग पोट फुगतं, गुडगुडतं, पातळ होतं. ताकात ती साखर कमी असते, म्हणून ताक अनेकांना चालतं. दुसरा संशय तुरीच्या घट्ट वरणावर आणि गव्हाच्या पोळ्यांवर. त्यामुळं आता असं करा : उद्यापासून ज्वारीची भाकर सुरू, दोन्ही वेळा. चार दिवसांनी भात. मग ताक आणि आंबील. मग पोळी. दूध सगळ्यांत शेवटी, अर्धा कप. ज्या पदार्थानं दुसऱ्या दिवशी पोट फुगेल, तो वहीत लिहा. सबंध घरादारावर बंदी घालण्यापेक्षा चोर हुडकलेला बरा.

पूर्ण प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. लहान आतड्यात यीस्ट प्रमाणाबाहेर वाढतं आणि त्यानं पोट फुगणं, गॅसेस, जुलाब होतात, असं काही पोटविकारतज्ज्ञ मानतात आणि त्यावर अभ्यासही झालेत. पण ते ओळखायला दुर्बीण घालून लहान आतड्यातला रस काढून त्याचं कल्चर करावं लागतं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघावे लागतात, आणि त्यातल्या किती जणांना त्रास खरंच त्या यीस्टमुळं होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. गिलासावर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या वीस प्रश्नांच्या यादीवर ते ओळखता येत नाही. त्याहून दुर्मीळ प्रकार म्हणजे आतड्यातलं यीस्ट खाल्लेल्या भाताचीच दारू करतं आणि माणूस न पिता झिंगतो. तेव्हा दारूबंदीच्या आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणी 'मी प्यायलो नाही, माझं पोटच गाळतं' असं म्हणालं, तर आधी तोंडाचा वास घ्या.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट यीस्ट नाहीच. ती म्हणजे थकवा, वर्षात चारदा पांढरं जाणं आणि पाच किलो वजन उतरणं, तिन्ही एकत्र. वजन उपासानं उतरलं असेल, पण गृहीत धरू नका. या तिघांवरून मला पहिल्यांदा तुमची स्वतःची शुगर बघायची आहे. सासूबाईंची शुगर सुनेला वारशानं मिळत नाही, हे खरं. पण माहेरी कोणाला आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ६.५ किंवा जास्त आली, तर तो मधुमेह. दुसरं, हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तानं कमी निघाल्या. दुपारनंतर जीव न राहण्याचं आपल्याकडचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं. हिमोग्लोबिन कमी आलं, तर विदर्भात एक तपासणी मी हमखास लिहिते : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. पूर्वी झाली असेल तर कार्ड सोबत न्या. शिवाय थायरॉइड, शौचाची जंतांसाठी तपासणी. एचआयव्हीची चाचणी सुचवली तर दचकू नका, वारंवार यीस्ट झालं की डॉक्टर कधी कधी ती सुचवतात. आणि शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांवर खोकला यातलं काही असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

पांढरं जाण्याचंही एकदा नीट बघून घ्या. दह्यासारखं, वास नसलेलं आणि खाज असेल तर बहुधा यीस्ट. करडं-पातळ आणि माशासारखा वास असेल तर तो जिवाणूंचा प्रकार. पिवळट-हिरवट, फेसाळ असेल तर तिसराच जंतू, आणि त्यात यजमानांनाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर ते पुन्हा पुन्हा येतं. तिन्हींची औषधं वेगळी. चार वेळा एकच गोळी घेऊन फरक पडत नसेल, तर आपण चुकीच्या कुलपाला किल्ली लावत असू. यीस्टच निघालं आणि वर्षात तीन-चारदा होतच राहिलं, तर आठवड्याला एक गोळी असा सहा महिन्यांचा उपचार असतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायचा, मेडिकलवाल्याच्या नाही. सरकारी दवाखान्यात या तक्रारीची औषधं हिरव्या पाकिटात फुकट मिळतात. आतून साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी काही लावू नका. वेचणीच्या दिवसांत घामानं भिजलेली चड्डी संध्याकाळपर्यंत तशीच राहते. सुती वापरा आणि दुपारी बदलायला एक सोबत न्या.

यजमानांच्या गजकर्णाचा तुमच्या पोटाशी काडीचा संबंध नाही. ती बुरशी वेगळी. कातडी, केस, नखं यांतल्या केराटिनवर जगते, आतड्यात राहत नाही. ती जात का नाही, हे मी न बघता सांगते : घरात एखादी ट्यूब असेल, त्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल. ही स्टेरॉइडं. लावलं की दोन दिवसांत खाज पळते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळून चट्ट्याची कड बाहेर बाहेर सरकत जाते. ट्यूब बंद करायला सांगा. त्वचारोगतज्ज्ञ देतील ते औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावं लागतं. टॉवेल, लुंगी वेगळी, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. घरात आणखी कोणाला असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहील.

आंबिलीचं विचारलंत. सासूबाई ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवतात ना, सकाळी झाकण काढलं की आंबूस वास आणि वर बारीक बुडबुडे? ते आंबवण्याचं काम मुख्यतः दह्याच्या जातीचे जिवाणू करतात. म्हणजे कॅप्सूलनं तुमच्या पोटातले जे मारले, त्यांचे जवळचे सोयरे. आंबिलीनं यीस्टचा आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही, पण ती बंद करायचं काहीच कारण नव्हतं. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन वाटीभर प्या. ताकाच्या पायरीला पोट फुगलं नाही, तर दोन वाट्या.

येत्या सोमवारी सकाळी काही न खाता दोघी सासू-सुना ग्रामीण रुग्णालयात जा. वेचणीचा एक दिवस बुडेल, बुडू द्या. तपासण्या तिथं मोफत होतात. सासूबाईंनी सकाळची शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. सोबत न्यायची, रक्त दिलं की तिथंच डब्यातली भाकर खाताना घ्यायची. गावातल्या डॉक्टरांच्या कॅप्सूलचं रिकामं पाकीट, त्या चार गोळ्या आणि यजमानांची ट्यूब एका पिशवीत घाला. आणि तो ४,८०० चा डबा रागानं उकिरड्यावर फेकू नका. वरच्या लेबलासकट न्या. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर महिनाभर घेतल्यावर कसं थांबवायचं हे डॉक्टरांना ठरवावं लागेल.